वाटसरूंची सावली : पुण्यश्लोक अहिल्यादेवी

आज ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमा. पहाटेपासूनच घरोघरी वटसावित्रीच्या व्रताची लगबग सुरू झाली असेल. शुचिर्भूत होऊन, ठेवणीतली वस्त्रे नेसून, तबकात हळदकुंकू, आंबे, जांभळे, फणसाचे गरे आणि सुताची गुंडी घेऊन सुवासिनी वडाकडे निघाल्या असतील. बुंध्याभोवती सुताचे वेढे पडतील, एकमेकींची ओटी भरली जाईल, पाराखाली सावित्रीची कथा सांगितली जाईल, आणि यमाच्या मागोमाग चालत गेलेल्या त्या राजकन्येची निष्ठा ऐकून वृद्ध डोळे पुन्हा एकवार पाणावतील.

या मंगल दिवशी एक साधा प्रश्न आमच्या मनात येतो. ज्या वडाची आपण पूजा करतो, तो वड लावला कोणी? तो उभा असतो गावाच्या वेशीपाशी, तळ्याच्या काठी, देवळासमोर, आणि फार करून रस्त्याच्या कडेला. शे-दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी तेथे खड्डा खणला असेल, कोणीतरी घागरीने पाणी घातले असेल, कोणीतरी गुरांच्या तोंडून ते रोप वाचवले असेल. त्याचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. ज्याने लावले तो त्या सावलीत कधी बसलाही नसेल. परक्यासाठी, अजून जन्मालाही न आलेल्या वाटसरूसाठी सावली निर्माण करणे, याहून निष्काम कर्म ते कोणते?

अशा निष्काम कर्माची मूर्ती म्हणून ज्यांचे नाव हिंदुस्थानच्या प्रत्येक तीर्थक्षेत्री आदराने घेतले जाते, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे स्मरण आम्ही आजच्या दिवशी करीत आहोत. वाचकांपैकी काहींना हे स्मरण कदाचित अवेळी वाटेल. आजचे व्रत सौभाग्यवतींचे. आणि अहिल्याबाईंचे सौभाग्य तर वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीच हरपले. रूढीने वडाला सूत गुंडाळण्याचा त्यांचा अधिकार तेव्हाच काढून घेतला. परंतु ज्या वडाच्या प्रदक्षिणेला त्या मुकल्या, तेच वड त्यांनी वाटावाटांवर उभे केले. आम्हांस वाटते, वटपौर्णिमेचे मर्म ज्यांना कळले अशा स्त्रियांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

चौंडीची कन्या

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेडजवळच्या चौंडी या लहानशा गावी झाला. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. घर खाऊनपिऊन सुखी, पण वैभवाचे नव्हे. मात्र घरात देवधर्म होता, आल्यागेल्याला भाकरतुकडा होता, आणि त्या काळी मुलींना क्वचितच मिळे ते अक्षरज्ञानही या मुलीस मिळाले होते.

हा मुलूख कमी पावसाचा. येथे उन्हाळ्यात माळ तापतो तेव्हा मैलोगणती सावली मिळत नाही. पाण्याची घागर आणि झाडाची सावली यांचे मोल अशा मुलखातल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. माळव्याचे सुभेदार मल्हारराव होळकर यांच्या नजरेस ही शांत, तेजस्वी मुलगी पडली आणि आपल्या एकुलत्या एका पुत्रासाठी, खंडेरावांसाठी, त्यांनी तिला मागणी घातली. खेड्यातली पाटलाची लेक सुभेदारांच्या घरची सून होऊन नर्मदेपलीकडे गेली.

सासऱ्यांनी सुनेची बुद्धी ओळखली. मल्हाररावांचे आयुष्य घोड्यावर गेलेले. ते मोहिमेवर असत तेव्हा वसुलाचे हिशेब, फौजेला रसद, तोफखान्याची व्यवस्था ही कामे ते विश्वासाने सुनेकडे सोपवीत. पुढे तिला जो राज्यकारभार करावयाचा होता, त्याचे धडे तिने असे सासऱ्यांच्या हाताखाली गिरवले.

वियोगामागून वियोग

मार्च १७५४. राजस्थानातील कुंभेरच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. त्या वेढ्यात किल्ल्यावरून आलेल्या गोळ्याने खंडेराव ठार झाले. अहिल्याबाईंनी काळाच्या रीतीप्रमाणे सहगमनाची तयारी केली. तेव्हा पुत्रशोकाने खचलेल्या वृद्ध मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली. मुलगा गेला, आता तूही गेलीस तर या म्हाताऱ्याला आणि या दौलतीला आधार कोणाचा, असा त्यांचा आक्रोश होता. अहिल्याबाई चितेपासून परत फिरल्या.

सावित्रीने पतीला मृत्यूच्या दारातून परत आणले. अहिल्याबाईंना ते साधले नाही. त्यांनी स्वतःला त्या दारातून परत आणले आणि ते परत मिळालेले आयुष्य स्वतःचे मानले नाही. लौकिक दृष्टीने ही लहान गोष्ट वाटेल. पण जगण्याची इच्छा सरलेली असताना इतरांसाठी जगणे हे मरणाहून अवघड आहे, हे ज्यांच्यावर तसा प्रसंग आला आहे त्यांनाच ठाऊक.

१७६६ साली आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले. सुभेदारी अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव यांना मिळाली. पण वर्ष पुरे होते न होते तोच, १७६७ मध्ये, ऐन तारुण्यात तेही गेले. पती, सासरा, पुत्र असे तिन्ही आधार तुटले. त्यातच राघोबादादांची फौज होळकरांची दौलत गिळंकृत करण्याच्या इराद्याने माळव्याकडे निघाल्याची वार्ता आली. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी लढाईची सिद्धता केली, शेजारच्या सरदारांचे पाठबळ मिळवले, आणि स्त्रीशी लढून जिंकले तरी अपकीर्ती आणि हरले तर जन्माची नामुष्की, हे दादासाहेबांच्या ध्यानी आणून दिले. ते संकट टळले. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांच्या कारभारास मान्यता दिली. फौजेची धुरा तुकोजी होळकरांकडे सोपवून अहिल्याबाई नर्मदातीरी महेश्वरी राहू लागल्या.

मल्हाररावांनी मागे ठेवलेला मोठा खजिना आता त्यांच्या हाती होता. तो त्यांनी तुळशीपत्र ठेवून, उदक सोडून धर्मकार्यास अर्पण केला. दौलतीचा वसूल वेगळा आणि खासगीचे उत्पन्न वेगळे, हा हिशेब त्यांनी जन्मभर कसोशीने पाळला. राज्याचा पैसा राज्याच्या कामी, आणि दानधर्म आपल्या खासगीतून, असा हा दंडक होता.

पूर्तधर्म

आपल्या शास्त्रांनी धर्मकृत्याचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग सांगितले आहेत. यज्ञयाग हे इष्ट. आणि विहिरी, तळी, देवालये, अन्नछत्रे, बागा व वृक्ष ही लोकांसाठी केलेली कामे म्हणजे पूर्त. मत्स्यपुराणात तर एका वृक्षाची थोरवी दहा पुत्रांएवढी मानली आहे, आणि वृक्ष लावल्यावर करावयाचा विधीही सांगितला आहे. रोज पुराणश्रवण करणाऱ्या अहिल्याबाईंच्या कानांवरून हे प्रसंग अनेकदा गेले असतील. एकुलता पुत्र गमावलेल्या मातेने ते ऐकताना मनात काय म्हटले असेल, हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. त्यांनी जे केले ते मात्र साऱ्या हिंदुस्थानास दिसले.

काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये नव्याने उभारले. सोमनाथास १७८३ मध्ये नवे देऊळ बांधून तेथील पूजा पुन्हा सुरू केली. गयेचे विष्णुपद मंदिर, वेरूळचे घृष्णेश्वर, काशीचा मणिकर्णिका घाट, महेश्वरचे घाट, पंढरपूरचा वाडा आणि तेथील राममंदिर यांची नावे भाविक वाचकांस पाठ आहेत. परंतु देवळापर्यंत पोहोचण्यासाठी माणसाला वाट लागते, वाटेवर पाणी लागते, विसाव्याला सावली लागते. त्याचाही विचार त्यांनी केला होता, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. मंदिर हे यात्रेचे शेवटचे पाऊल. त्याआधीची हजारो पावले उन्हातान्हात पडतात, आणि देव त्या पावलांबरोबरही चालत असतो.

महेश्वराहून उत्तरेस इंदूरकडे जाताना विंध्याद्रीचा कडा आडवा येतो. तेथे जवळजवळ सरळ उभ्या चढणीवर, जाम घाटात, अहिल्याबाईंनी पुष्कळ श्रम व द्रव्य खर्चून रस्ता बांधला. त्या घाटातला दरवाजा आजही जाणाऱ्या-येणाऱ्यांस दिसतो. रस्त्यांच्या कडेने झाडे, टप्प्याटप्प्यावर विहिरी व बारवा, मुक्कामाला धर्मशाळा, उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी नेमलेली माणसे, अशी ही सारी योजना होती. रस्ते निर्धास्त असावेत म्हणून डोंगरातल्या भिल्लांचा जाणाऱ्या मालावरचा जुना हक्क, ज्यास भीलकौडी म्हणत, तो त्यांनी मान्य केला; आणि त्याच्या बदल्यात वाटांचे रक्षण व चोरीस गेलेल्या मालाचा शोध यांची जबाबदारी भिल्लांच्या नाईकांवर टाकली. पडीक जमिनी देऊन त्यांना शेतीकडेही वळवले. ज्यांचे भय होते तेच वाटेचे राखणदार झाले.

झाड जगवणे हेच खरे लावणे

रस्त्याच्या कडेला झाड लावणे सोपे. ते जगवणे अवघड. परसातल्या तुळशीला घरची सून पाणी घालते, शेतातल्या आंब्याला शेतकरी राखतो. रस्त्यावरचे झाड मात्र सर्वांचे, आणि म्हणून कोणाचेच नाही. त्याला शेळी ओरबाडते, गाडीवान जूपासाठी फांदी तोडतो, वाटसरू चुलीसाठी डहाळ्या मोडतो. म्हणून जुन्या लोकांनी या कामाची एक रीत बसवली होती. वडाची रोपे लावण्यापेक्षा दंडाएवढी जाड, पुरुषभर उंचीची फांदीच ते पावसाच्या तोंडी खड्ड्यात रोवीत. वडाची फांदी मुळे धरते आणि तिचा शेंडा पहिल्या दिवसापासून गुरांच्या तोंडापेक्षा उंच राहतो. वरच्या छाटलेल्या टोकाला शेणमातीचा लेप देत, म्हणजे आतला ओलावा उडून जात नाही. भोवती बाभळी-बोरीच्या काट्यांचे कुंपण घालीत. उन्हाळ्यात बुंध्याशी मडके पुरून, त्याच्या तळाच्या छिद्रात चिंधीची वात बसवून, थेंबाथेंबाने मुळाशी पाणी पोहोचवीत. असे निदान तीन उन्हाळे काढावे लागतात. चौथ्या वर्षी झाड आपले आपण उभे राहते, आणि मग शतकभर देतच राहते. वडाखेरीज चिंच, कडुनिंब, आंबा, जांभूळ, उंबर हीही वाटेवरची झाडे. कोणी दाट सावलीसाठी, कोणी फळासाठी.

हे तीन उन्हाळे सांभाळायचे कोणी? अहिल्याबाईंच्या साऱ्या पूर्तधर्माचे रहस्य येथे आहे. त्यांनी कोणतेही काम एकदा करून सोडून दिले नाही. देऊळ बांधले तर पूजेच्या खर्चास उत्पन्न लावून दिले; अन्नछत्र घातले तर त्याची वर्षासनाची तजवीज केली; गंगोदकाच्या कावडी दूरदूरच्या देवस्थानांस दरवर्षी पोहोचाव्यात अशी व्यवस्था लावली. वृक्षांविषयीही माळवा आणि निमाड या मुलखांत एक गोष्ट सांगितली जाते. रयतेने सरकारी जमिनीवर वीस फळझाडे लावून वाढवली, तर त्यांपैकी नऊ झाडांचे फळ लावणाऱ्याचे आणि अकरा झाडांचे राज्याचे, असा त्यांनी नेम घालून दिला होता, अशी ती परंपरा आहे. केवळ लोककथा म्हणून ती घेतली तरी तिच्यातले शहाणपण मोलाचे आहे. झाड राखणाऱ्याचा त्या झाडात वाटा असला, तर राखणीला पहारेकरी लागत नाही. केवळ हुकमाने झाड लागते. ते जगते मात्र जिव्हाळ्याने.

पाखरांची शेते

अहिल्याबाईंच्या पश्चात थोड्याच वर्षांनी माळव्यात आलेला इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम याने गावोगावच्या जुन्या माणसांना विचारून त्यांची माहिती गोळा केली आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती लिहून ठेवली. परका आणि परधर्मी असूनही या राज्यकर्त्या स्त्रीविषयी लिहिताना त्याची लेखणी नम्र झाली आहे. त्याने नोंदवलेल्या दोन गोष्टी आम्ही येथे आमच्या शब्दांत सांगतो.

महेश्वराच्या आसपास उन्हात नांगर चालू असे, तेव्हा देवींचा सेवक पाणी घेऊन शेतात येई. नांगर थांबवून आधी बैलांना पाणी पाजले जाई, आणि मग औत पुढे चाले. दुसरी गोष्ट पाखरांची. शेतकरी आपल्या पिकावरची पाखरे हाकलतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. कारण त्याचे पोट त्यावर असते. पण हाकललेल्या पाखरांनी जावे कोठे? अहिल्याबाईंनी काही उभी शेते विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी ठेवली. इतर शेतांतून उठलेले थवे तेथे निर्भयपणे उतरत.

वडाचे झाड हे असेच पाखरांचे शेत आहे. इतर झाडांना फळ नसते अशा दिवसांतही कोठल्या ना कोठल्या वडाला लाल फळे लगडलेली असतात. त्यावर पोपट, मैना, हरियल, साळुंक्या पोसल्या जातात. पाखरू फळ खाते, उडून जाते, आणि त्याच्या विष्ठेतले बी दूर कोठेतरी रुजून नवा वड उभा राहतो. वाटसरूला सावली, पाखराला अन्न आणि सृष्टीला नवे झाड, अशी तिहेरी सेवा एक वड करतो. बैलाची तहान आणि पाखराची भूक ज्यांना कळली, त्यांनी वाटेवर वड लावावेत यात नवल नाही.

अखेरचे घाव

इतके पुण्य करणाऱ्या व्यक्तीला दैवाने सुख द्यावे असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. कन्या मुक्ताबाई हा त्यांचा उरलेला एकच आधार. वाटा लुटणाऱ्यांचा जो बंदोबस्त करील त्यालाच कन्या देण्याचा पण करून त्यांनी यशवंतराव फणसे यांस जावई केले होते. पण नातू नथ्याबा अकाली गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये जावईही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. मातेने परोपरीने समजावले, अश्रूंनी विनवले. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांची विनवणी सुनेने ऐकली होती. मातेची विनवणी मात्र मुलीने ऐकली नाही. नर्मदेच्या काठी आपल्या डोळ्यांदेखत लेकीची चिता पेटलेली अहिल्याबाईंनी पाहिली. त्या दुःखाचे वर्णन करण्यास शब्द अपुरे आहेत.

तरीही दरबार बंद राहिला नाही. रयतेची गाऱ्हाणी ऐकणे, हिशेब पाहणे, पुराणश्रवण, अन्नदान हा क्रम चालूच राहिला. १३ ऑगस्ट १७९५, म्हणजे श्रावण वद्य चतुर्दशीस, वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वरी त्यांनी देह ठेवला. मागे पुत्र नव्हता, कन्या नव्हती, नातू नव्हता. पण वाटावाटांवर त्यांची सावली होती.

आजच्या दिवशी आपण काय करावे

गेल्या वर्षांत देवींच्या जन्माची तीन शतके पुरी झाली. २०२५ साली त्यांची त्रिशताब्दी ठिकठिकाणी साजरी झाली. पुतळ्यांना हार घातले गेले, भाषणे झाली. त्याच काळात आपल्या डोळ्यांसमोर रस्ते रुंद होत आहेत, आणि पूर्वजांनी लावलेले वड, चिंचा, आंबे दोन्ही कडांनी पडत आहेत. रस्ता हवा हे खरे. आजारी माणसाला वेळेवर दवाखान्यात पोहोचवणारा रस्ता हेही पुण्यच आहे. पण शंभर वर्षांच्या वडाच्या बदल्यात लावलेली रोपे पुढच्या उन्हाळ्यात वाळून गेली, तर तो व्यवहार कोणत्या धर्मात बसतो, हा विचार आपण करावयास नको काय?

आणि दोष केवळ रस्ता करणाऱ्यांचाच आहे असेही नाही. आजच्या दिवशी शहरांतून वडाच्या डहाळ्या जुडी बांधून बाजारात विकावयास येतात, आणि घरात पाटावर ठेवून त्यांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात जातात. आमच्या माताभगिनींच्या श्रद्धेविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. ज्यांना वडापर्यंत चालवत नाही त्यांची अडचणही आम्ही जाणतो. परंतु ज्याचे दीर्घायुष्य आपण मागतो आहोत, त्याच्यासाठी वडाचेच आयुष्य तोडावे, यात व्रताचा हेतू हरवतो. डहाळीऐवजी कुंडीतल्या रोपाची पूजा करावी, आणि पाऊस लागताच ते रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागी, भिंतीपासून व तारांपासून दूर लावावे. तेवढ्यावर न थांबता पुढचे तीन उन्हाळे त्याला पाणी घालण्याचा संकल्प आजच करावा. एका घराला ते जड वाटले तर आळीतल्या चार घरांनी मिळून एक झाड दत्तक घ्यावे. चौथ्या वटपौर्णिमेला त्याच झाडाला सूत गुंडाळावे. ते सूत खऱ्या अर्थाने आपले असेल.

आणखी आठवड्याभरात देहू-आळंदीहून पालख्या निघतील. लाखो वारकरी पंढरीची वाट चालू लागतील. कोणी थकलेली वृद्ध माउली डोईवरचे तुळशीवृंदावन सांभाळीत एखाद्या जुन्या वडाखाली क्षणभर टेकेल, पदराने घाम टिपेल, आणि ज्याने हे झाड लावले त्याला मनोमन आशीर्वाद देऊन उठेल. तो आशीर्वाद त्या अनामिकाला पोहोचतो, अहिल्यादेवींना पोहोचतो, आणि ज्यांनी आज झाड लावले त्यांनाही शंभर वर्षांनी पोहोचेल. वटसावित्रीच्या या पुण्यदिनी सर्व सुवासिनींना अखंड सौभाग्य लाभो, ज्यांचे सौभाग्य हरपले त्यांना देवींचे धैर्य लाभो, आणि आपल्या गावच्या वाटा पुन्हा सावलीने भरून जावोत, हीच त्या वटवृक्षाच्या चरणी आमची प्रार्थना.